सामायिकातले मासे

पिंप्राळा, जळगाव
२४ जुलै २०२४

प्रिय मंजुळा,

जय जिनेंद्र. पाकीट बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. माझ्या कानांचं तुला माहीत आहे. फोन स्पीकरवर लावल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर लावला की आमच्या सुनेपासून खालच्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांना ऐकू येतं. आणि जे सांगायचंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

चैत्रात तुमच्याकडे धुळ्याला लग्नाला आले होते तेव्हा तुला मी काय काय बोलले, आठवतंय ना? तू कोपऱ्यात खुर्ची टाकून तुझ्या नातीची, किरणची, जुनी खेळायची डबी घेऊन बसली होतीस. डीएस म्हणतात ना तिला? उघडली की वर एक काच, खाली एक काच, आणि तू चष्मा नाकावर ओढून इवल्याशा पेनाने शेताला पाणी घालत होतीस. मी म्हटलं, मंजुळा, साठी उलटली, नात कॉलेजात जाते आणि तू पोरांच्या खेळण्याशी खेळतेस. साक्रीच्या शाळेत असतीस तर गुरुजींनी अंगठे धरायला लावले असते. बाई, ते सगळे शब्द मी गिळते.

झालं असं, की माझ्या अखिलच्या कपाटावरची बॅग उन्हाळ्यात आवरायला काढली, त्यात त्याचा पीएसपी निघाला, तसलंच हातात धरून खेळायचं यंत्र. अकरावीत असताना बापाशी अबोला धरून मिळवलेला. मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलून दिली. भला माणूस, कोणासाठी ते विचारलं नाही, वर सगळा इतिहास सांगितला. म्हणाला, मावशी, तेव्हा पोरं यावरून हमरीतुमरीवर यायची. निम्मी म्हणायची डीएस भारी, निम्मी म्हणायची पीएसपी. जगात डीएस जास्त खपला, पण आपल्याकडे पोरं पीएसपीवरच जीव टाकायची. आता दोन्ही कंपन्यांनी बनवायचं सोडलं, तर लोक जुने शोधत फिरतात. मी मनात म्हटलं, चला, आपल्याकडे तरी मंजुळा हरली.

एकच काच आहे, पण चांगली मोठी, आणि पाणी तर असं दिसतं की बोट बुडवून बघावं. तुझी डबी त्यापुढे कुंकवाचा करंडा. कधी खेळते, कुठे खेळते, ते विचारू नकोस. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

तुझी सुगन


देवपूर, धुळे
३० जुलै

सुगन,

राम राम. तू कशी शे? आठे बठ्ठं बरं शे. पत्र फाडलं नाही, उशीखाली ठेवलंय. पुन्हा पुन्हा वाचून हसते.

मला अंगठे धरायला लावणारी तू, आता कशी वठणीवर आलीस. पण पीएसपी? आख्ख्या जगाने डबी घेतली आणि तू पडलीस त्या लांबोळक्याच्या प्रेमात. पडलं तर काच फुटेल त्याची. माझी डबी मिटते, पोटाशी धरून झोपता येतं. आणि आमच्या भजनी मंडळात विचार. बठ्ठ्या बाया डबीच्या बाजूने आहेत. वच्छलाबाईंनी तर नातवाकडून मागून आणली. तिकडे मृदंग गरम व्हायला लागतो तेवढ्यात इकडे दोन डाव होतात.

माझ्या शेताचं विचारशील तर यंदा बाजरी जोरात आहे. कणसं भरली, पाखरं राखायला लागतात. विहिरीला पाणी टिकून आहे. कडेला चार ओळी भुईमूग टाकलाय. दुपारी बांधावर बसलं की बरं वाटतं.

आता तू सांग. विचारू नकोस म्हटलंस म्हणजे विचारायलाच पाहिजे. रिखबभाऊंच्या समोर तर खेळत नसशील. ते दुकानातून आले की तुझ्या हातात माळ दिसली पाहिजे त्यांना. मग कुठे? न्हाणीघरात?

तुझी मंजुळा


पिंप्राळा
७ ऑगस्ट

प्रिय मंजुळा,

तुझ्या डबीत बाजरीही पेरता येते? चैत्रात तर मला नुसते मुळे आणि सलगम दिसले होते. मग तुझंच बरं. माझ्यात बाजरी नाही, हे मी मान्य करते.

न्हाणीघरात नाही गं. त्याहून वाईट जागी. सामायिकात.

हसलीस ना? हस. पण नंतर थांब. सामायिक म्हणजे काय ते तू लहानपणी आमच्या ओसरीवर बसून बघितलंयस. आसन टाकायचं, तोंडाला मुहपत्ती बांधायची, नवकार म्हणायचा आणि अठ्ठेचाळीस मिनिटं संसाराकडे पाठ फिरवायची. दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावायचा नाही. आणि मी आसनाखालून पीएसपी काढते.

पहिल्या दिवशी सामायिक खरंच झालं होतं, नंतर थोडा वेळ खेळले. दुसऱ्या दिवशी आधी खेळले. तिसऱ्या दिवसापासून सामायिक राहिलंच नाही. काय करू, या घरात बाईला दुपारचं दार लावून घ्यायला दुसरं कारणच नाही. झोपते म्हटलं तर, बरं वाटत नाही का? वाचते म्हटलं तर, इथेच बसून वाचा की. सामायिकाला बसले म्हटलं की दूधवालासुद्धा बेल वाजवत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला दार मिळालं, आणि मी त्याचं हे केलं.

आणि खेळ कुठला, तेही सांगून टाकते. तळ्यात गळ टाकून मासे धरायचे. पाणी हलतं, हातातलं यंत्र थरथरल्यासारखं वाटतं, मग ओढायचं. मासा वर येतो आणि तडफडतो. चातुर्मासात हिरवी भाजी न चिरणारी बाई मी. आमच्या साध्वी, महासतीजी, व्याख्यानात सांगतात, मनात मारलं तरी मारलंच. मी मुहपत्तीच्या आत हसत असते.

मुस्कानचं वाईट वाटतं. अखिलची बायको, तू लग्नात बघितलीस ती. पोरगी गुणाची आहे. माझं दार बंद झालं की मिक्सरसुद्धा लावत नाही. आमच्या धर्मस्थानकात बायकांना सांगते, आमच्या मम्मीजी तीन-तीन सामायिक एका बैठकीत करतात. परवा एक बाई माझ्या पाया पडली. मला पाय मागे घेता आले नाहीत.

सुगन


देवपूर
१४ ऑगस्ट

सुगन,

माय वं, पोट धरून हसले. तुझं पत्र कानबाई देवीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी हाती पडलं. रोटांचा प्रसाद खात वाचत होते, ठसकाच लागला. भूपेंद्र म्हणे, आई काय झालं? म्हटलं, काही नाही बाबा, जळगावची सुगन फार धार्मिक झाली.

एवढं काय मनाला लावून घेतेस? चित्रातला मासा तो. ना रक्त, ना काटा. तुझा देव काय डबीत डोकावून बघणार आहे? आणि डबी तरी कुठे, ते तर पीएसपी.

कानबाईच्या जागरणाला आमच्याकडे दोन पार्ट्या पडल्या. तुझ्या यंत्राचं मी नाव न घेता वर्णन केलं, तर निम्म्या बाया म्हणाल्या मोठी काच बरी, आम्हाला बारीक दिसत नाही. निम्म्या डबीला चिकटून. गाणी राहिली बाजूला. शेवटी मी म्हटलं, भांडू नका, आळीपाळीने घ्या, आणि डबी सगळ्यांच्या हातातून फिरली. कौतिकची आई तर सोडेना. बाजरी कापणीला आली आता. सोंगून घेईन आठ दिवसांत.

पाया पडली तर पडू दे. तुझे पाय काही झिजत नाहीत.

मंजुळा


पिंप्राळा
२७ ऑगस्ट

मंजुळा,

तुझ्यावर रागावले होते म्हणून उशीर झाला. मी काय लिहिलं आणि तू काय वाचलंस. पण राग धरायला मला तोंड कुठे आहे.

आमच्या जैन संघाने ठरवलंय, पर्युषणात माझा बहुमान करायचा. चौथ्या दिवशी व्याख्यानानंतर शाल, माळ आणि चार शब्द. अध्यक्ष स्वतः घरी येऊन सांगून गेले. तुझे रिखबभाऊ तेव्हापासून दुकानात गिऱ्हाइकाला कापड कमी आणि माझं सामायिक जास्त दाखवतात. मी म्हटलं, मला नको, माझ्यापेक्षा करणाऱ्या पुष्कळ आहेत. तर अध्यक्ष म्हणाले, बघा, हीच ती विनम्रता.

ते एक वेळ सोसलं असतं. खरी गोष्ट पुढे आहे. मुस्कान अठ्ठाई करते म्हणते. आठ दिवस अन्न नाही, दिवसा उकळून गार केलेलं पाणी तेवढं. तिचं रक्त कमी आहे, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. अखिल नको म्हणाला. ती माझ्याकडे बघून म्हणाली, मम्मीजी घरात एवढं करतात, मी आठ दिवस नाही राहू शकणार?

तुला सांगते ती का करते. लग्न झाल्यापासून आमच्या बायका तिच्या मागे बोलतात, नंदुरबारची पोरगी, केकचे क्लास घेते, हिला धर्मातलं काय कळतं. तिला या घरातली व्हायचंय. आणि मी तिला वाट दाखवली ती ही.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं. मुस्कान, माझ्याकडे बघून काही करू नकोस, मी आत काय करते ते तुला माहीत नाही. जिभेवर आलं होतं. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? म्हटलं, जमेल तेवढं कर बेटा. लाज वाटते गं. चारचौघांत माझी शाल जाईल म्हणून मी त्या पोरीला उपाशी बसवतेय. रविवारी पर्युषण बसतं. मी काय करू ते लगेच लिही.

सुगन


देवपूर
३० ऑगस्ट

सुगन,

लगेच लिहिते. कोणाला काही सांगू नकोस. ते यंत्र उचलून अखिलच्या बॅगेत परत टाक आणि गप्प रहा. पोरीला दूध-फळांवर उपास करायला सांग, ऐकलं तर ऐकलं.

मी हसले त्याची माफी कर. पण एवढं माझं ऐक. आपल्या वयाच्या बाईची हौस घरच्यांना कळली की तिची हौस राहत नाही, तमाशा होतो. ते रागावत नाहीत. रागावले तर बरं. ते हसतात, मग पाहुण्यांना सांगतात, मग एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. तुला ते सोसणार नाही. शाल घे, मान खाली घाल, घरी ये. पुढच्या महिन्यात कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

माझं सगळं बरं चाललंय. बाजरी झाली.

मंजुळा


पिंप्राळा
५ सप्टेंबर

मंजुळा,

तुझं ऐकलं. पहिल्या दिवशी पीएसपी बॅगेत टाकला, बॅग वर ठेवली. दुसऱ्या दिवशी स्टूल लावून खाली काढला. सून बाहेर उपाशी, आणि मी आत आसनावर बसून गळ टाकला. हे लिहिताना माझं मलाच वाचवत नाही, पण तुझ्यापासून लपवून कुठे जाऊ.

काल सकाळी मुस्कानला मोरीपाशी चक्कर आली. मी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. पलंगावर निजवलं, म्हटलं, बस झालं, आता सोड. अखिलही तेच म्हणाला. तर माझा हात धरून म्हणाली, "मम्मीजी, तुम्हाला एक सांगू? दुपारी तुम्ही सामायिकाला बसता ना, मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसते. आत तुमचा जराही आवाज नसतो. ती शांतता मला बाहेर जाणवते. भूक लागली की मी तिथे येऊन बसते, मग राहता येतं."

आवाज नसतो कारण मी तो बटण दाबून बंद केलेला असतो.

त्यानंतर दोन तासांनी बहुमान. मी ठरवून गेले होते. शाल अंगावर पडली, हातात माईक दिला. मी म्हटलं, मी या शालीच्या लायकीची नाही. मी सामायिकात मासे धरते. आसनावर बसून, मुहपत्ती बांधून, रोज मासे धरते. ज्यांनी माझ्याकडे बघून काही व्रत घेतलं असेल त्यांनी माझ्याकडे बघू नये.

मी माईक खाली केला. वाटलं, आता शाल काढून घेतील, तेवढं झालं की सुटले.

अध्यक्षांनी माईक घेतला. डोळे पुसत म्हणाले, ऐकलंत? किती खोल बोलल्या सुगनबाई. आपण सगळेच सामायिकात बसून मासे धरतो. मन म्हणजे तळं, विचार म्हणजे मासे. हे कबूल करायला किती साधना लागते. आणि बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, नाही हो, खरे मासे, यंत्रातले. ते कोणाला ऐकूच गेलं नाही, जयजयकार चालू झाला होता. तुझे भाऊ पुरुषांच्या रांगेत ताठ बसले होते. मुस्कान आधार घेऊन उभी राहिली आणि तिने मला हात जोडले.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "मम्मीजी, आता तर मी आठ पूर्ण करणारच." मी काही बोलले नाही. त्या एका गप्प बसण्याची मला आधीच्या सगळ्या महिन्यांपेक्षा जास्त लाज वाटते. आधी मी खोटं लपवत होते. आता खरं बोलून लपवलं.

सुगन


देवपूर
७ सप्टेंबर

सुगन,

आज गणपती बसले. आरती झाल्याबरोबर लिहायला घेतलंय. भूपेंद्र उद्या सासरी मुक्ताईनगरला जातोय, त्याच्या हाती देते. पाकीट नीट चिकटवलंय.

मागच्या पत्रात तुला जे सांगितलं ते चुकीचं सांगितलं. का सांगितलं ते आता सांगते. माझ्याकडे डबी नाही. मे महिन्यातल्या आखाजीपासून नाही.

तू लग्न आटोपून गेलीस त्याच्या पुढच्या महिन्यात भूपेंद्रच्या ऑफिसातले लोक आमरस खायला आले होते. मी ओट्यावर डबी घेऊन बसले होते. त्यातल्या एकीने बघितलं आणि हाक मारून सगळ्यांना बोलावलं. कोणी फोटो काढला. कोणी म्हणे, आजींना दुसरीत घाला. किरणही हसली. मी पण हसले, काय करणार. भूपेंद्रचं तोंड मात्र उतरलं. दुसऱ्या दिवशी डबी जागेवर नव्हती. धुण्याच्या बाईच्या मुलीला देऊन टाकली होती. तो मला काही बोलला नाही, मी त्याला काही विचारलं नाही. माझी वस्तू नव्हतीच ती, किरणची होती. पण मला रडू आलं, आणि कशासाठी रडते म्हणून सांगू?

मग तुझं पत्र आलं. तू एवढ्या हौसेने लिहिलं होतंस, मला सांगवेना. म्हणून मी डबी चालू ठेवली. भजनी मंडळात कोणाकडे काही नाही. वच्छलाबाईंना मोबाइलवर फोन उचलता येत नाही. कानबाईच्या जागरणात गाणीच झाली. आणि ती बाजरी, सुगन, ती साक्रीची, माझ्या बापाच्या वावरातली. डबीत बाजरी नसते. तुला ओळखू आलं नाही ते बरंच झालं आणि वाईटही झालं.

मी हसण्याला भ्याले म्हणून तुला गप्प बसायला लावलं. पण माझ्या गप्प बसण्याने कोणी उपाशी राहिलं नव्हतं. तू माईकवर बोललीस म्हणजे कोणालाच बोलली नाहीस. जिला सांगायचं ती एक आहे. आता मधेच सांगून तिचा धीर तोडू नकोस. पण उपास सोडायच्या आधी सांग. नंतर सांगितलंस तर तिला वाटेल, हिने आपल्याला फसवून आपल्या तोंडात घास घातला.

मंजुळा


पिंप्राळा
१० सप्टेंबर

प्रिय मंजुळा,

भूपेंद्र रविवारी संध्याकाळी पाकीट देऊन गेला. मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. बाहेर येऊन त्याला चहा दिला आणि विचारलं, आईची ती डबी कुठे आहे रे हल्ली? तो कपाकडे बघत बसला. मग म्हणाला, मावशी, आई तुम्हाला काही बोलली का? मी म्हटलं, मला नाही बोलली, तूच तिच्याशी बोल. जास्त काही म्हटलं नाही. दुसऱ्याला चार गोष्टी सुनावण्याजोगी मी त्या दिवशी नव्हते.

बाजरीचं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. साक्रीला तुमच्या वावरात आपण दोघी पाखरं राखायचो, आणि मला ते वाचूनही कळलं नाही. मला वाटलं यंत्रात असेल.

रविवारी आमची संवत्सरी होती. दिवसभर येणं-जाणं, जो तो हात जोडून म्हणतो, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा. मीही सगळ्यांना म्हटलं. मुस्कानलाही म्हटलं, तीही मला म्हणाली. इतकं सोपं असतं ते, मंजुळा. काय चुकलं ते सांगावंच लागत नाही.

काल सकाळी पारणं. नंदुरबारहून तिचे आईवडील आले होते, हॉल भरला होता. मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा माझ्याच हातून घेणार असं मुस्कानने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. ती आतल्या खोलीत साडी नेसून बसली होती, चेहरा एवढासा झालेला. मी दार लोटलं, पीएसपी तिच्यासमोर पलंगावर ठेवला आणि चालू केला. तळं आलं, गळ आला. मी म्हटलं, मुस्कान, मी सामायिकात मासे धरते.

ती हसली. "हो, ते तुमच्या भाषणातलं ना?"

म्हटलं, "भाषणातलं नाही बेटा. हे. दार लावून मी हे करत होते. तू बाहेर टेकून बसायचीस तेव्हाही."

तिने वाकून त्या काचेकडे बघितलं. मग विचारलं, "मी उपास धरल्यावर पण?"

मला खोटं बोलायचा फार मोह झाला. एवढं एक तरी झाकावं असं वाटलं. म्हटलं, "हो. धरल्यावर पण."

"मग मी आठ दिवस कोणाच्या जोरावर राहिले?"

मी म्हणायला गेले, तुझ्या स्वतःच्या जोरावर. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. म्हणाली, "ते तुम्ही नका सांगू." आवाज चढवला नाही. पदर सारखा केला आणि बाहेर निघाली.

मी मागोमाग गेले. सगळे गोल करून बसलेले, तुझे भाऊ मोबाइल धरून उभे, फोटोसाठी. माझ्या हातात वाटी आणि चांदीचा चमचा दिला. मी चमचा पुढे केला. तिने माझ्या हातातून वाटी घेतली, चमचा घेतला, आणि स्वतःच्या हाताने पहिला घोट प्यायली. माझ्याकडे बघितलं नाही. लोकांना काय वाटलं माहीत आहे? कोणीतरी म्हणालं, बघा सून कशी आहे, सासूचा हात थरथरतोय हे बघून स्वतःच घेतलं. आणि टाळ्या पडल्या. या लोकांच्यात आमच्या वाट्याला खरा दोष कधी येणारच नाही असं दिसतं.

तिने कोणाला सांगितलेलं नाही. अखिलला नाही, तिच्या आईला नाही. पीएसपी तिच्या पलंगावरच राहिला, मी मागितला नाही. मला वाटलं होतं सांगितलं की मोकळी होईन. मोकळी बिकळी काही झाले नाही. उलट आता घरात एक माणूस असं आहे की त्याच्या समोर मला लपायला जागा नाही.

आज दुपारी सगळे जेवून गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. तिने मला खिचडी वाढली, समोर बसली. म्हणाली, "मी बाहेर बसायचे ना, तेव्हा रोज मनात एकच यायचं. आपल्याला असं कधी जमेल." मी ताटात बघत जेवत राहिले. तिने विचारलं, अजून वाढू का? मला नको होती. पण नाही म्हणायला मान वर करावी लागली असती, म्हणून मी हो म्हटलं.

सुगन